अनुभवाला वही हवी : बाजारविद्येच्या अभ्यासाची प्रस्तावना

बाजारात दहा वर्षे काढलेला माणूस त्या दहा वर्षांत काही शिकला आहे, हे कशावरून ओळखायचे? शेअर बाजारात सौदे करण्याच्या विद्येतला हा पहिला प्रश्न आहे आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकासमोर तो मी आरंभीच ठेवतो. कोणता शेअर घ्यावा, भाव कुठवर जाईल, निफ्टी उद्या वर उघडेल की खाली, हे प्रश्न त्यानंतरचे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती नसेल, तर नंतरच्या प्रश्नांची आपली उत्तरे बरोबर आली की चुकली, हेच कळायला मार्ग राहत नाही.

गिरगावातून दलाल स्ट्रीट पायी गाठता येते. तरीही गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या मराठी घरांत बाजाराविषयी दोनच मते दीर्घकाळ नांदली. एक मत असे की हा जुगार आहे, त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. दुसरे असे की एखादा जाणकार भेटला, त्याने कानात नाव सांगितले, तर घराचे दैन्य फिटेल. दोन्ही मते परस्परविरोधी वाटतात, पण दोन्हींत शिकण्याला जागा नाही. पहिल्यात शिकण्यासारखे काही उरत नाही आणि दुसऱ्यात शिकण्याचे काम दुसऱ्या कुणावर सोपवलेले असते.

आज ही घरे बाजारापासून दूर राहिलेली नाहीत. देशातील डिमॅट खाती मार्च २०२० मध्ये सुमारे चार कोटी होती, ती मार्च २०२४ पर्यंत पंधरा कोटींच्या वर गेली. नोंदणीकृत गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे. परळ-लोअर परळमध्ये जिथे गिरण्यांचे भोंगे वाजत, तिथल्या टॉवरांमध्ये आता वित्त कंपन्यांची ऑफिसे आहेत आणि आसपासच्या चाळींत वाढलेली मुले फोनवर ऑप्शनचे सौदे करतात. त्या मुलांचे, निवृत्तीनंतर हाती वेळ आलेल्या दादरच्या गृहस्थाचे, घरखर्चातून शिल्लक टाकून पहिले खाते उघडणाऱ्या गृहिणीचे या अभ्यासात मनापासून स्वागत आहे. स्वागताबरोबरच या विद्येचे स्वरूप आणि तिच्यातले धोके स्पष्ट सांगणे हे प्रस्तावना लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. बाजारातला अनुभव आपोआप शिकवत नाही. तो शिकवू लागावा म्हणून काही व्यवस्था लावावी लागते आणि त्या व्यवस्थेच्या मुळाशी नम्रता असते. माझे मत चुकू शकते. ते किती वेळा चुकते हे मी मोजीन. आणि चुकले तरी उद्या पुन्हा उभा राहू शकेन एवढीच रक्कम लावीन: या तीन निश्चयांना मी इथे नम्रता म्हणतो. ती अंगी असणारा माणूस दिसायला रोखठोक असेल, मितभाषी असेल, प्रसंगी धाडसीही असेल. त्याची नम्रता त्याच्या हिशेबात दिसते.

१

गिरणगावात साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात, नवा मुलगा जुन्या साचेवाल्याच्या हाताखाली उभा राहायचा. धागा तुटला की साचा थांबवायचा, तुटलेली टोके जोडायची, साचा पुन्हा चालू करायचा. हात चुकला तर दोष कापडात दिसायचा आणि खराब कापडाचा दंड पगारातून कापला जायचा. चूक आणि तिचे फळ यांच्यात अंतर थोडे होते आणि तीच चूक केली की तेच फळ मिळत होते. अशा कामात वर्षे वाढतात तसे कौशल्य वाढते, हे गिरणगावातल्या घराघराने पाहिले आहे.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन यांनी २००९ मध्ये नेमका हाच विषय एका संयुक्त निबंधात मांडला. क्लाइन यांनी आगीशी झुंजणाऱ्या जवानांच्या अचूक अंतःप्रेरणेचा अभ्यास केला होता; कानेमन यांचे आयुष्य माणसाच्या निर्णयातल्या चुका शोधण्यात गेले होते. विरुद्ध टोकांकडून निघालेल्या या दोघांचे दोन अटींवर एकमत झाले. माणसाचा अंदाज विश्वासार्ह व्हायचा असेल तर ज्या परिस्थितीत तो काम करतो तिच्यात पुरेशी नियमितता हवी आणि आपण बरोबर होतो की चूक, हे त्याला वारंवार आणि वेळेवर कळायला हवे. या अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर वर्षांगणिक आत्मविश्वास तेवढा वाढतो, कौशल्य जिथल्या तिथे राहते.

बाजारात या दोन्ही अटी ढिल्या पडतात. ताळेबंद वाचून, हिशेब मांडून घेतलेला सौदा तोट्यात जाऊ शकतो आणि लोकलमध्ये कानावर पडलेल्या नावाचा शेअर दुप्पट होऊ शकतो. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला आणि २४ सप्टेंबर २०२१ रोजी त्याने ६० हजारांचा टप्पा ओलांडला. त्या दीड वर्षात जे पहिल्यांदा बाजारात आले त्यांचे बहुतेक निर्णय फळले. त्यातला वाटा निर्णयाचा किती आणि त्या लाटेचा किती, हे नुसता नफा पाहून कुणालाही सांगता आले नसते. साच्यावरचा तुटलेला धागा खरे सांगतो. बाजारातला एकेकटा नफा किंवा तोटा खरे सांगेलच असे नाही. या विद्येतल्या जवळजवळ सगळ्या अडचणी इथून सुरू होतात.

२

शिकण्याचा आभास किती पक्का असू शकतो, याचा पुरावा मध्य मुंबईच्याच इतिहासात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडणारे आणि बंद होणारे भाव मुंबईत येत आणि त्यांतल्या आकड्यांवर इथे पैसे लावले जात. ती सोय बंद झाल्यावर साठच्या दशकाच्या आरंभी कल्याणजी भगत आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी पत्ते काढून आकडा ठरवण्याची पद्धत रूढ केली. तीन पत्ते काढायचे, त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक तो ओपन. पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. हाच मटका. गिरणी कामगारांच्या वस्त्यांत तो घरोघर पोचला.

आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने त्यातले चार्ट महत्त्वाचे आहेत. मागच्या आठवड्यांचे, महिन्यांचे, वर्षांचे आकडे ओळीने मांडलेले चार्ट लोक विकत घेत, त्यांवर रेघा मारत, कोणता आकडा किती दिवसांत फिरून येतो याची गणिते करत. त्यांचे कष्ट खरे होते, चिकाटी खरी होती. पण पत्ते सचोटीने पिसलेले असतील तर कालच्या आकड्याचा आजच्या आकड्याशी संबंधच नसतो. तिथे शिकण्यासारखे काहीही नव्हते आणि तरी माणसे वर्षानुवर्षे शिकत असल्याच्या खात्रीने जगली. ज्यांचे संसार त्यात बुडाले त्यांच्याविषयी बोलताना मन जड होते.

शेअर बाजार मटक्याहून वेगळा आहे. शेअरच्या मागे कंपनी असते, तिचा नफा असतो, व्याजदर, पाऊसपाणी, सरकारी धोरण असते. या गोष्टी अभ्यासता येतात. परंतु पाच मिनिटांच्या चार्टवर रेघा मारणाऱ्या आजच्या तरुणाने स्वतःला एक प्रश्न विचारलाच पाहिजे: मला दिसणारा आकार त्या भावात आहे, की मटक्याच्या चार्टावर रेघा मारणाऱ्याला दिसायचा तसा माझ्या मनात आहे? उत्तर नुसत्या विश्वासाने देता येत नाही. ते मोजून द्यावे लागते आणि मोजण्याची पद्धत शिकवणे हाच या क्षेत्राचा गाभा आहे.

३

बाजाराचा इतिहास हा या विद्येचा पहिला पाठ. १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडांखाली काही दलाल जमत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती आलेला पैसा नव्या कंपन्यांत शिरला: बँका, वित्तसंस्था, जहाज कंपन्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या. बॅक बे भरावाच्या कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर भाव हलत. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांच्या तारखेला, देणी भागवायला कुणाकडे पैसा उरला नाही. शेकडो घराणी दिवाळखोरीत गेली. जुन्या बँक ऑफ बॉम्बेलाही १८६८ मध्ये गाशा गुंडाळावा लागला. प्रेमचंदांनी तेजीच्या काळात विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा त्यांचे स्वतःचे वैभव ओसरलेले होते.

या पडझडीत होरपळलेल्यांमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड होते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, गरिबांवर मोफत उपचार करणारे वैद्य, प्राचीन शिलालेख वाचणारे संशोधक: त्या काळच्या मुंबईत त्यांच्याइतकी चौफेर बुद्धी असलेली माणसे मोजकीच होती. तरीही शेअरांच्या त्या लाटेत त्यांचे मोठे आर्थिक नुकसान झाले. त्यांच्याविषयीचा आदर तसूभरही कमी न होऊ देता त्यातून एक गोष्ट शिकायची आहे. एका शास्त्रातले प्रभुत्व दुसऱ्या शास्त्रात आपसूक उतरत नाही. शिलालेखावरचे अक्षर झिजलेले असले तरी ते जागचे हलत नाही, पुन्हा पुन्हा जाऊन पाहता येते. बाजारातला भाव माणसांच्या त्या क्षणीच्या आशेने आणि भीतीने घडतो. डॉक्टर, इंजिनीअर, प्राध्यापक असलेल्या आजच्या वाचकाने हा धडा विशेष जपावा, कारण आपल्या क्षेत्रात बरोबर ठरण्याची सवय बाजारात सर्वांत महाग पडते.

त्याच काळाने या अभ्यासाला एक आदर्शही दिला. दिनशा वाच्छा १८६५ मध्ये विशी ओलांडत असलेले तरुण होते. पुढे ते कापडगिरण्यांच्या कारभारात मुरले, १९०१ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि १९१० मध्ये, पंचेचाळीस वर्षांनी, त्यांनी त्या पडझडीचा आर्थिक इतिहास पुस्तकरूपाने लिहिला. कंपन्यांची नावे, भांडवलाचे आकडे, भावांची चढउतार असा सगळा तपशील नोंदून. पाहिलेल्या गोष्टीला कागदावर आणून तिची कारणे शोधणे, ही या विद्येची रीत त्यांच्या कामात स्पष्ट दिसते.

बाजार स्वतःही शिकत आला आहे. कोसळण्याला दहा वर्षे झाली तेव्हा, ९ जुलै १८७५ रोजी, दलालांनी आपली संघटना बांधली. तिचेच पुढे मुंबई शेअर बाजारात रूपांतर झाले. १९९२ साली बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला कायद्याचे बळ मिळाले. त्याच वर्षी हर्षद मेहता घोटाळा उघड झाला. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात पडद्यावर शेअरांचे सौदे सुरू झाले, १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराने रिंग, म्हणजे दलाल समोरासमोर उभे राहून सौदे करत ती जागा, सोडून संगणक स्वीकारला. कागदी सर्टिफिकेटे जाऊन डिमॅट आले, २००१ मध्ये सौद्याची पूर्तता पुढे ढकलण्याची बदला पद्धत बंद झाली, जानेवारी २०२३ अखेर सौद्याचे सगळे व्यवहार दुसऱ्या दिवशी पुरे होऊ लागले.

प्रत्येक बदलाने कुणाचे तरी कमावलेले कौशल्य निकामी केले. रिंगमध्ये उभे राहून समोरच्याच्या डोळ्यांवरून, हाताच्या इशाऱ्यावरून भाव ओळखणारा जॉबर आपल्या कामात निष्णात होता. पडदा आला आणि वाचायला डोळेच उरले नाहीत. सतत शिकत राहणे ही या क्षेत्रात म्हणूनच चैन ठरत नाही. जी रीत आज चालते ती बाजाराच्या एका विशिष्ट रचनेत चालते आणि रचना बदलली की तिची परीक्षा नव्याने घ्यावी लागते.

४

आता आजच्या स्थितीचे आकडे पाहू. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन या पुढच्या तारखेच्या करारांमध्ये सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे अवघे एक टक्का निघाले. लागोपाठ तोटा होऊनही तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी सौदे चालूच ठेवले. २०२३-२४ मध्ये नफा कुणाला झाला तेही त्यात आहे: स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या संस्था आणि परदेशी गुंतवणूकदार संस्था, आणि त्यांच्या नफ्यातला बहुतांश भाग संगणकी अल्गोरिदमने चालणाऱ्या सौद्यांतून आलेला. लालबागच्या खोलीत बसून कळ दाबणाऱ्यासमोर बहुतेक वेळा कोण बसलेले असते, हे त्यावरून समजावे.

चिकाटी धरली की हळूहळू जमेल, ही समजूतही तपासली गेली आहे. ब्राझीलमध्ये फ्युचर्सचे एका दिवसाचे सौदे सुरू केलेल्या लोकांचा मागोवा घेतला, तेव्हा तीनशेहून अधिक दिवस टिकून राहिलेल्यांपैकी ९७ टक्के तोट्यात निघाले आणि सरावाने त्यांची कामगिरी सुधारल्याचे दिसले नाही. तैवानमधल्या दीर्घ अभ्यासात खर्च जाता भरवशाने नफा मिळवू शकणारे एक टक्क्याहून कमी आढळले. अमेरिकेत ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी ६६ हजारांहून अधिक कुटुंबांची १९९१ ते १९९६ ची खाती पाहिली. बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले असताना सर्वाधिक सौदे करणाऱ्यांना ११.४ टक्केच मिळाले होते.

हे आकडे वाचकाला घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. या विद्येच्या अभ्यासकाने आपली सुरुवातीची शक्यता कुठून मोजायची, ते त्यांतून कळते. मी त्या एक टक्क्यात आहे असे मानून सुरुवात करणाऱ्याला पुरावा शोधण्याची गरज वाटत नाही. मी बहुधा त्या ९३ टक्क्यांत आहे असे मानून सुरुवात करणारा पहिल्या दिवसापासून पुरावा गोळा करतो, आणि त्या एक टक्क्याकडे जाणारी वाट, असलीच तर, त्याच्याच वाट्याला येते.

५

पुरावा किती पुरतो? एक उदाहरण घेऊ. एखाद्याचे वीस सौद्यांपैकी बारा बरोबर आले. साठ टक्के यश, मित्रमंडळींत सांगण्यासारखे. पण नाणे वीस वेळा उडवले तर बारा किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे २५ टक्के असते. म्हणजे नाणेफेकीने सौदे करणाऱ्या चौघांतला एक जण असाच यशस्वी दिसेल. शंभरांत साठ बरोबर आले तर गोष्ट वेगळी. नुसत्या नशिबाने तसे घडण्याची शक्यता तीन टक्क्यांहूनही कमी. वीस सौद्यांवर नोकरी सोडण्याचा विचार करणाऱ्या तरुणाने हे गणित स्वतःच्या हाताने करून पाहावे.

तोट्याचे गणितही असेच आहे. ज्याचे निम्मे सौदे बरोबर येतात त्याला शंभर सौद्यांत कुठेतरी सलग पाच तोटे सोसावे लागण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. हा अपवाद धरायचा नाही. हा येणारच असे धरून चालायचे. प्रत्येक सौद्यात भांडवलाचा दहा टक्के भाग पणाला लावणाऱ्याचे पाच तोट्यांत ४१ टक्के भांडवल जाते आणि पूर्वपदावर यायला उरलेल्या रकमेवर ६९ टक्के नफा मिळवावा लागतो. एकच टक्का लावणाऱ्याचे पाच टक्क्यांहून कमी जातात. दोघांचे ज्ञान सारखेच आहे, अंदाज सारखेच चुकले आहेत. पण दुसरा शंभराव्या सौद्यापर्यंत शिकत राहील आणि पहिला बहुधा तिथवर पोचणारच नाही. लहान रक्कम हे शिक्षणाचे शुल्क आहे. मोठी रक्कम लावणारा शाळा सुटण्यापूर्वीच बाहेर पडतो.

मनाच्या अभ्यासाचा पाठ याला जोडून येतो. हर्श शेफ्रिन आणि मेयर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये दाखवले की माणसे नफ्यातले शेअर लवकर विकतात आणि तोट्यातले कवटाळून बसतात. ओडीन यांनी १९९८ मध्ये दहा हजार खात्यांवर हे पडताळले. लोकांनी विकून टाकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात त्यांनी ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी पुढे गेले. शेअर विकेपर्यंत तोटा कागदावरच आहे असे आपण म्हणतो. त्यामागे आपले चुकले हे मान्य करण्याची मनाची नाखुशी असते. नम्रतेचा अभाव इथे थेट रुपयांत मोजता येतो.

आठवणीवरही विसंबता येत नाही. बरुक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना निक्सन यांच्या चीन आणि रशिया दौऱ्यांआधी काय काय घडेल याची शक्यता टक्क्यांत विचारली होती. दौऱ्यांनंतर त्यांना आपलीच जुनी उत्तरे आठवायला सांगितली, तेव्हा जे घडले त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. बाजार बंद झाल्यावर 'मला माहीत होते' असे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो. त्याच्या स्मरणाने उत्तर बदललेले असते. आधी लिहून ठेवलेला कागदच काय तो बदलत नाही.

६

म्हणून या विद्येचे मुख्य साधन वही आहे. लक्ष्मीपूजनाला वह्या पूजण्याची आपल्याकडची रीत जुनी. ती वही वर्षभर खरेपणाने भरणे हा या अभ्यासातला नित्यनेम. सौदा करण्यापूर्वी पाच गोष्टी लिहायच्या: काय आणि किती घेतो आहे, का घेतो आहे ते दोन वाक्यांत, भाव कुठे गेला तर माझे कारण चुकले असे मानीन, तिथे बाहेर पडलो तर किती रुपये जातील, आणि माझे बरोबर येईल याची खात्री किती टक्के. सौदा संपल्यावर निकाल लिहायचा आणि ठरल्याप्रमाणे वागलो का, हे लिहायचे. नियम मोडून मिळालेला नफा तांबड्या शाईने लिहावा, कारण पुढचा मोठा तोटा त्याच सवयीतून येतो. नियम पाळून झालेल्या तोट्याची नोंद मात्र स्वस्थ मनाने करावी.

खात्रीचे टक्के तपासायला एक सोपे माप आहे. हवामानाच्या अंदाजांची गुणवत्ता मोजण्यासाठी ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये ते सुचवले. सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल यांतल्या फरकाचा वर्ग करायचा. ७० टक्के म्हटले आणि तसे घडले, तर ०.०९. ९० टक्के म्हटले आणि तसे घडले नाही, तर ०.८१. दरवेळी पन्नास टक्केच म्हणणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. शंभर नोंदींनंतर आपली सरासरी ०.२५ हून वर गेली, तर आपल्या खात्रीपेक्षा 'सांगता येत नाही' हे उत्तर जास्त खरे होते, असा त्याचा अर्थ. हवामानाचा अंदाज देणाऱ्याला उद्याचे आकाश उत्तर देते आणि तो रोज थोडा सुधारतो. बाजारात ही सोय आपली आपण उभी करायची असते. साच्याने जे काम आपोआप केले असते ते इथे वहीने करायचे आहे.

७

या क्षेत्रातली वाट साधारण अशी जाते. आधी इतिहास, कारण तेजीतल्या माणसांची भाषा दीडशे वर्षांत फारशी बदललेली नाही. मग बाजाराची रचना आणि कायदा: सौदा कसा पुरा होतो, मार्जिन म्हणजे काय, दलाली, कर आणि शुल्क मिळून दर सौद्यातून किती जाते. मग शक्यतांचे गणित, शालान्त परीक्षेइतक्या तयारीवर शिकता येईल एवढे. मग ताळेबंद वाचणे. मग मनाचा अभ्यास. आणि या सगळ्याच्या सोबतीने, पहिल्या दिवसापासून, वही. यातला कोणताही भाग एकदा शिकून संपत नाही. नियम बदलतात, समोरचे खेळाडू बदलतात, आपले वय आणि गरजाही बदलतात.

गुरू निवडताना सावध राहावे. सेबीने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात स्पष्ट केले की केवळ शिक्षण देणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरांविषयी बोलू नये. या नियमामागे चांगली कसोटी आहे. ज्याला खरेच शिकवायचे आहे त्याचे काम जुन्या भावांवरही भागते. ज्याला आजचाच भाव लागतो तो बहुधा टिप विकत असतो. शिकवणाऱ्याला एवढेच विचारावे: तुमची तोट्याच्या सौद्यांची वही दाखवाल का? चांगला शिक्षक ती आधी दाखवतो.

अभ्यासाला सोबतीही हवेत. रिंगमध्ये माणसाची चूक दहा जणांसमोर व्हायची. फोनवरचा तोटा घरच्यांनाही कळत नाही, आणि लपलेल्या तोट्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. दोघातिघांनी महिन्यातून एकदा बसून एकमेकांच्या वह्या वाचाव्यात. घरच्यांना किती रक्कम लावली आहे आणि ती गेली तर घर कसे चालेल, हे सांगून ठेवावे. कर्ज काढून, दागिने ठेवून, मुलांच्या फीच्या पैशांतून हा अभ्यास कधीही करू नये. ज्या रकमेचा तोटा सहन होत नाही ती रक्कम माणसाला डोके शांत ठेवू देत नाही आणि शांत डोक्याशिवाय वहीत खरे लिहिले जात नाही.

शंभर नोंदींनंतर तुमच्या वहीचा निष्कर्ष असाही निघेल की सौदे करण्यात मला काही विशेष साधत नाही. इंडेक्स फंडात दरमहा रक्कम टाकून उरलेला वेळ माझ्या कामाला आणि माणसांना दिलेला बरा. तो निष्कर्ष प्रामाणिक पुराव्यावर उभा असेल तर तुमचा अभ्यास यशस्वी झाला, असे मी मानतो. काहींच्या वहीतून उलट निघेल की एका लहानशा, नीट ओळखलेल्या जागी माझे मत नाणेफेकीहून बरे ठरते. त्यांनी ती जागा जपावी आणि दर वर्षी ती अजून शिल्लक आहे का, हे पुन्हा तपासावे. दोन्ही वाचक या विद्येचे खरे विद्यार्थी आहेत आणि दोघांनाही इथे सारखाच मान आहे.

सुरुवात आजच करता येईल. एक साधी वही घ्या, एका कंपनीचा आजचा भाव लिहा, महिन्याभरात तो वर असेल की खाली याचे तुमचे मत आणि त्याची खात्री टक्क्यांत लिहा, खाली कारण लिहा. पैसे लावू नका. महिन्याने निकाल लिहा आणि पुढची नोंद करा. अशा शंभर नोंदी झाल्या की पुढच्या पुस्तकांतले प्रत्येक विधान तुम्ही स्वतःच्या पुराव्याशी ताडून वाचू शकाल.